किंचित राहिली फुणफुण

ताई, नमस्कार.

मी नाशिकच्या सातपूरला एका कारखान्यात प्रेस ऑपरेटर आहे. वय ४६. दारू मला बाविसाव्या वर्षी लागली. आधी फक्त शनिवारी, मग रोज. नोकरीचा ताण होता, मित्रही तसेच भेटत गेले, पिणं वाढत गेलं. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आलो. आता नऊ महिने झाले, सोडली आहे. एएच्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची संघटना) मीटिंगला जातो.

अडचण गाण्याची आहे. मला गझला येतात, बऱ्यापैकी गातो, पेटी स्वतः वाजवतो. पण येतं ते सगळं साकी, पैमाना, मैखाना. शनिवारची आमची बैठक वीस वर्षांची. मित्र म्हणतात, तू नुसता गा, तुला पी कोण म्हणतंय. हिचं म्हणणं, ती गाणी घरात नकोत. मीटिंगमधले एक जुने सभासद म्हणाले, ती गाणी चकण्यासारखी, मागून बाटली येतेच. मला दुसरं काही येत नाही. स्वतः लिहायला बसलो तरी पेनातून तेच शब्द उतरतात. पेटीवर दोन्ही हात गुंतलेले असतात तेवढा वेळ मात्र तलफ येत नाही, हे खरं.

गेल्या आठवड्यात अकरावीतल्या मुलाने मोबाइलवर एक इंग्रजी गाणं ऐकवलं. मेटॅलिका म्हणून बँड आहे. मला नुसता आरडाओरडा वाटला. मग त्याने अर्थ सांगितला, की बाबा, यात माणूस गात नाहीये, नशाच माणसाशी बोलतेय. त्या रात्री मला झोप लागली नाही. कामावर बरं असतं, प्रेसच्या दोन बटणांशिवाय डोक्यात काही येत नाही.

गाणी सोडू का?

एक गाणारा, सातपूर


भाऊ,

उत्तर आधी देते, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल. गाणी सोडू नका. शनिवारची बैठक सोडा. निदान ज्या खोलीत ग्लास मांडलेले असतात, त्या खोलीतली तरी. तुमचे मित्र वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण वीस वर्षं दर शनिवारी तीच सतरंजी, तोच वास, ग्लासातल्या बर्फाचा तोच आवाज आणि तीच गझल एकत्र येत राहिली. मेंदू अशा गोष्टींची गाठ मारून ठेवतो. एक टोक ओढलं की बाकीची आपोआप सरकतात. गाणं हे त्यातलं एकच टोक. म्हणून त्या सभासदांची चकण्याची उपमा मला अर्धीच पटली. शेंगदाणे उपासालाही चालतात की.

मी डॉक्टर नाही. तीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे पत्र कोणाचंही असो, माझी नजर आधी क्रियापदांवर जाते. (वाईट सवय. घरातले चिडतात.) 'दारू लागली.' 'ताण होता.' 'मित्र भेटत गेले.' 'पिणं वाढत गेलं.' चार वाक्यं झाली, पण त्यांत पिणारा कुठेच नाही. तुम्ही पहिल्यांदा दिसता ते 'केंद्रात राहून आलो' मध्ये.

हा तुमचा दोष नव्हे, मराठीची रीतच ती. आपल्याकडे दारू लागते, चढते, उतरते, सुटते. तलफ येते, पाय घसरतो, माणूस आहारी जातो, नादी लागतो. प्रेम जडतं आणि व्यसनही जडतं. यातलं प्रत्येक क्रियापद मुळात एक छोटं रूपक आहे; वापरून वापरून इतकं गुळगुळीत झालंय, की रूपक म्हणून आता दिसतच नाही. आणि त्यात तथ्यही आहे. शरीराला सवय लागली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते; वर्षानुवर्षं पिणाऱ्याने एकदम बंद केली तर झटकेसुद्धा येऊ शकतात. तिथे नुसत्या 'मी ठरवलं' ने भागत नाही, डॉक्टर लागतो. तेव्हा 'लागली' हा शब्द खोटा नाही. फक्त तो मागच्या वर्षांसाठी ठेवा. उद्याचा पेला कोणाला 'लागत' नसतो, तो उचलावा लागतो.

आता तुमच्या साकीकडे येऊ.

तुम्ही ज्या परंपरेतलं गाता, तिच्यात दारू ही पुष्कळदा दारू नसतेच. फारसी सुफी कवींनी तिच्यात ईश्वरप्रेम भरलं. पाजणारा साकी म्हणजे गुरू. जिथे उच्चनीच गळून पडतं ती जागा म्हणजे मद्यालय. आणि दाराबाहेर उभा राहून नाक मुरडणारा तो धर्माचा ठेकेदार. ज्या समाजात मद्य निषिद्ध, तिथे हे रूपक जास्तच झणझणीत झालं, कारण शब्द उच्चारला की बंड झालंच. तेच उर्दूत आलं. माधव ज्यूलियनांनी उमर खय्यामच्या रुबाया मराठीत आणल्या. हिंदीत १९३५ साली हरिवंशराय बच्चनांची 'मधुशाला' आली. (त्याच १९३५ साली तिकडे अमेरिकेत एए सुरू झाली. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही, पण ही जोडी मला आवडते.)

त्या कवितेतली बेहोशी म्हणजे 'मी'पणा विसरणं. तुम्ही भोगलीत ती बेहोशी निराळी, तीत माणूस पगार कुठे ठेवला ते विसरतो. शब्द मात्र एकच. चौथा पेला झाल्यावर बैठकीतला माणूस डोळे मिटून 'वाह' म्हणतो, ते यातल्या कोणत्या बेहोशीला? मला विचाराल तर तिथे रूपक उलटं चालवलं जातं. कवी दारूच्या आडून प्रेमाचं बोलला होता, बैठक प्रेमाच्या आडून दारूचं बोलते.

आणखी एक गोष्ट मला खुपते, तीही सांगून टाकते. दारू स्त्रीलिंगी, बाटली स्त्रीलिंगी. मग तिला मोहिनी करायची, सवत करायची, 'तिने जाळ्यात ओढलं' म्हणायचं. गाण्यात दोन बायका भांडत राहतात आणि मधला पुरुष बिचारा गालाला हात लावून बसतो. टाळ्या पडतात. मला अशा गाण्यांचा कंटाळा आहे.

नाटककार राम गणेश गडकऱ्यांनी हा सापळा ओळखला होता, असं मला नेहमी वाटतं. 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं १९१९ मध्ये, आणि त्याच वर्षीच्या जानेवारीत गडकरी गेले होते. फसवणूक नावातच आहे. 'एकच' हा दिसायला संख्येचा शब्द, पण पिणाऱ्याच्या तोंडी ती परवानगी असते. सुधाकर हुशार वकील, मानी. वकिलीची सनद काही काळ रद्द होते, आणि तळीराम त्या दुःखावर पेल्याचा उपाय काढतो. आता बघा, नाटकात सगळ्यांत गमतीदार जीभ कोणाला दिली आहे? तळीरामाला. हा माणूस 'आर्य मदिरा मंडळ' काढतो, कोट्या करतो, युक्तिवाद करतो. सुधाकरची बायको सिंधू, तिच्या वाट्याला पदं आली, विनोद नाही. मी एकदा आपल्या कालिदास कलामंदिरात हे नाटक बघत होते. तळीरामाच्या प्रवेशाला सगळं सभागृह हसत होतं. माझ्या पुढच्या रांगेतली एक बाई मात्र पर्सचा बंद बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत बसली होती. ती एकदाही हसली नाही. पुढचं नाटक मी निम्मं तिच्याकडेच बघत पाहिलं.

तुमच्या मीटिंगमध्ये 'एकच' म्हणत नाहीत, 'पहिला पेला' म्हणतात, हे तुमच्या लक्षात आलंय का? फार शहाणा शब्द आहे. 'पहिला' म्हटलं की त्याच्या पाठीमागे उभी असलेली रांग दिसते.

मुलाने ऐकवलेलं गाणं वर्णनावरून तरी 'मास्टर ऑफ पपेट्स' वाटतं. १९८६ चं, साडेआठ मिनिटांहून लांब. माझ्या भाचीने मला ते एकदा जबरदस्तीने ऐकवलं होतं. पहिली दोन मिनिटं मी मिक्सर बंद करायला उठले होते. पण शब्द समजल्यावर बसून राहिले. त्यात नशा स्वतःला मालक म्हणवते आणि ऐकणारा तिच्या दोऱ्यांवर नाचणारी कळसूत्री बाहुली. तुमची झोप का उडाली, त्याचा मी लावलेला अर्थ असा. गझलेत तुम्ही मागता आणि साकी देतो. इथे मागणं तिचं आहे, द्यायचं तुम्ही. वीस वर्षं तुम्ही ज्या बाजूला बसून गात होतात, मुलाने तुम्हाला एका संध्याकाळी उचलून समोरच्या बाजूला बसवलं.

त्या गाण्याची पुढची हकिगतही ऐका. ते गाणारा आणि त्याचे शब्द लिहिणारा जेम्स हेटफिल्ड. नशा मालक होते ही गोष्ट त्याने १९८६ साली इतकी नेमकी पकडली, आणि २००१ साली तो स्वतः दारूपायी उपचार केंद्रात दाखल झाला. अचूक रूपक सापडणं आणि सुटणं या दोन गोष्टी वेगळ्या, एवढ्यासाठी हे सांगितलं. उद्या तुम्ही व्यसनावर सुंदर गझल लिहिलीत तरी मीटिंग चुकवायची नाही.

आणि मुलाकडे बघा जरा. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा वडिलांना 'तुमचं काय झालं होतं ते मला कळतं' असं तोंडाने सांगत नाही. तो इयरफोनचं एक टोक पुढे करतो.

मला मात्र तुम्हाला द्यायचं आहे ते जुनं आहे, आणि घरचं. आपल्या रामकुंडावरून गेलेलं पाणी पुढे पैठणला जातं. तिथे सोळाव्या शतकात एकनाथांनी 'विंचू चावला' हे भारूड रचलं. तुम्ही ते ऐकलंच असणार. गाणारा अंग झाडतो, ओरडतो, लोक हसतात, आणि त्या हसण्यात शब्द निसटतात. काम-क्रोधाचा विंचू चावलाय. अंगाला घाम सुटलाय, पंचप्राण व्याकुळ झालेत, सर्वांगाचा दाह होतोय. केंद्रातली तुमची दुसरी-तिसरी रात्र आठवा आणि याच्याशी ताडून बघा. नाथांनी मोहाचं वर्णन मोहक केलेलंच नाही. डोळे नाहीत, बटा नाहीत, हसू नाही. नांगी, घाम आणि आग. रूपक निवडतानाच त्यांनी बाजू घेतली आहे.

पुढे येतं, 'या विंचवाला उतारा'. इथे तुम्हाला हसू फुटलं असेल. पिणाऱ्यांच्या बोलीत सकाळी डोकं धरून घेतलेला घोट म्हणजे उतारा. रात्रीच्या विषावर तेच विष. नाथांचा उतारा वेगळा. तमोगुण मागे सारायचा आणि सत्त्वगुणाचा अंगारा लावायचा. (तलाठ्याकडे मिळतो तो तिसरा उतारा, त्यात आपण शिरायला नको.) शब्द तोच, पण पहिला उतारा माणसाला पुन्हा गुत्त्याच्या दारात नेऊन सोडतो.

पण हे भारूड मी इतक्या वर्षांत परत परत वाचत आले ते शेवटच्या कडव्यासाठी. उतारा पडला, तमोगुण सरला, सगळं झालं. आणि मग नाथ म्हणतात, 'किंचित् राहिली फुणफुण'. थोडी ठसठस उरलीच. पुढे ती जनार्दनांनी, त्यांच्या गुरूंनी, शांत केली असं येतं. तरी ती मागे राहिली होती हे त्यांनी लपवलं नाही. एवढा मोठा संत, 'खडखडीत बरा झालो' लिहून मोकळा झाला असता. नऊ महिन्यांनंतर शनिवारी संध्याकाळी तुम्हाला जे होतं, त्याला इतका नेमका शब्द मला दुसरा माहीत नाही. तलफ म्हटलं की ती 'येते', अख्ख्या माणसावर चालून येते. फुणफुण एका जागी असते. विंचू चावलेल्या बोटाला असते, आणि माणूस ते एक बोट जपत बाकीची कामं उरकतो. पुढच्या मीटिंगमध्ये शेअरिंग करताना हा शब्द वापरून बघा. बाकीचे काय म्हणतात ते मला कळवा, मला खरंच उत्सुकता आहे.

आता लिहिण्याबद्दल. पेनातून साकी आणि पैमानाच उतरतो म्हणता. उतरणारच, ते शब्द शेकडो वर्षं तयार आहेत, त्यांना लिहिणारा लागत नाही. तुम्ही ज्या गावात राहता तिथे तात्यासाहेबांनी, म्हणजे कुसुमाग्रजांनी, 'कणा' लिहिली. पुराने घर धुऊन नेलं, आणि सांगणारा म्हणतो, गंगामाई पाहुणी आली होती. 'पाहुणी' हा शब्द आणायला त्यांना इराणात जावं लागलं नाही. आपण नाशिककर पूरसुद्धा दुतोंड्या मारुतीवर मोजतो. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. क्युसेकचा आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो.

तुमच्या पत्रात दोन वाक्यं आहेत, एक पेटीचं आणि एक मशिनचं. मध्ये मुलाची सगळी हकिगत आल्यामुळे ती तुम्हाला एकत्र दिसली नसावीत. पेटीवर उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. प्रेसला दोन बटणं, मुद्दाम लांब-लांब बसवलेली. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, कारण एक हात मोकळा राहिला तर तो डायखाली जायचा. ते मशीन ज्याने बनवलं त्याला माणसाच्या मोकळ्या हाताची भीती ठाऊक होती. तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणून तर तुम्ही लिहून गेलात की दोन्ही हात गुंतलेले असताना तलफ येत नाही. व्यसनाबद्दल यंदा माझ्या वाचनात आलेली ही सगळ्यांत चांगली गोष्ट, आणि ती कुठल्या शायराच्या दिवानात नाही, सातपूरच्या शॉप फ्लोअरवर आहे. मी तिचा शेर करून देणार नाही. मतला, म्हणजे गझलेचा पहिला शेर, तुमचा तुम्ही लिहा; काफिया, म्हणजे यमक, चुकला तरी चालेल.

वहिनींचं म्हणणं निमूट मान्य करा. तुम्हाला त्या गझलेत मैखाना ऐकू येतो, त्यांना रात्री दीडची दाराची कडी ऐकू येते. त्यांना साकीचा सुफी अर्थ समजावून सांगायला जाऊ नका, मी हात जोडते. कधीतरी तीच गझल तुमच्याच गळ्यातून निराळी निघेल. असं होतं. 'हर्ट' नावाचं एक इंग्रजी गाणं आहे, मुलाला माहीत असेल. ट्रेंट रेझनरने ते १९९४ साली गायलं तेव्हा तो तिशीच्या आतला होता. २००२ मध्ये तेच जॉनी कॅशने गायलं, वयाच्या सत्तरीत, तरुणपणी बरीच वर्षं गोळ्यांच्या व्यसनाशी झगडून झाल्यावर. शब्द जवळजवळ तेच. पहिल्याचं ऐकताना वाटतं की हा आता स्वतःचं काहीतरी बरंवाईट करून घेणार. दुसऱ्याचं ऐकताना वाटतं, म्हातारा वही उघडून हिशेब वाचतोय. तुमचा गळाही बदलेल, पण त्याला नऊ महिने पुरत नाहीत. तोवर घरात ती गाणी नकोत.

मग शनिवारी संध्याकाळी करायचं काय? त्या दिवशी त्या वेळेला मीटिंग असेल तर तीच धरा. नसेल तर जवळच्या मारुतीच्या देवळात डोकावा. शनिवारी भजन असतं, टाळ कुटणारे दहा असतात आणि पेटीवाला एकाही मंडळाला मिळत नाही. तुम्हाला डोक्यावर घेतील. मित्रांना एकेकटं भेटा, सकाळी, मिसळ खायला. जो सकाळी येईल तो तुमचा. जो फक्त सातनंतर मोकळा असतो, त्याच्याबद्दल मला काही बोलायचं नाही.

भारुडाचे शब्द सार्वजनिक वाचनालयात नाथांच्या गाथ्यात मिळतील. आणायला जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या. त्याने तुम्हाला नशा बोलते ते गाणं ऐकवलं, तुम्ही त्याला हे ऐकवा. यात विंचू एक अक्षर बोलत नाही, बोलतो तो चावलेला माणूस.

तुमची,
ताई

ता. क. एखाद्या रात्री फुणफुण बोटापुरती राहिली नाही, वर चढायला लागली, आणि मीटिंगमधल्या कोणाचा फोन लागला नाही, तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.